प्रयोगशालेय अध्यापनाचा कार्यभार व त्याचे व्यवस्थापन : गिसेन ते केंब्रिज, एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विद्यापीठीय विज्ञानशिक्षणात प्रात्यक्षिकाचे स्थान आज निर्विवाद मानले जाते. रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान किंवा प्राणिशास्त्र या विषयांची पदवी प्रयोगशाळेत पाऊल न टाकता मिळू शकते, ही कल्पनाही आज कोणी करणार नाही. तथापि, ही व्यवस्था फार प्राचीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपातील बहुतेक विद्यापीठांत प्राध्यापक व्यासपीठावर प्रयोग करून दाखवीत आणि विद्यार्थी बाकांवर बसून तो पाहत. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने प्रयोग करावा, ही अपेक्षा त्या शतकातच हळूहळू रूढ झाली.

ही अपेक्षा रूढ होताच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. व्याख्यान एका वेळी शंभर विद्यार्थ्यांना देता येते. प्रयोग मात्र प्रत्येकाला वेगळा करावा लागतो, प्रत्येकाची चूक वेगळी असते आणि ती त्याच्या टेबलापाशी जाऊनच दाखवावी लागते. साहित्य मांडणे, द्रावणे तयार करणे, मोडलेले दुरुस्त करणे आणि शेवटी लिहिलेले तपासणे ही कामे वेळापत्रकात दिसत नाहीत, पण ती कोणाला तरी करावीच लागतात. हा भार कसा पेलावा, या प्रश्नाला निरनिराळ्या काळात जी उत्तरे देण्यात आली, त्यांतूनच आजच्या प्रात्यक्षिकाचे स्वरूप घडले आहे. प्रयोगशाळेच्या इतिहासात संशोधनातील शोधांची नोंद विपुल आढळते. अध्यापनाच्या या श्रमाची नोंद मात्र त्या मानाने अल्प आहे. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचा विचार करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) एकोणिसाव्या शतकातील प्रमुख अध्यापन-प्रयोगशाळांत कार्यभाराचे नियोजन कसे केले जात होते, हे पाहणे.
२) या नियोजनाच्या निरनिराळ्या युक्त्यांचा प्रात्यक्षिकाच्या शैक्षणिक स्वरूपावर झालेला परिणाम तपासणे.
३) भारतीय महाविद्यालयांतील सद्यःस्थितीशी या इतिहासाचा असलेला संबंध स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून गिसेन, बोस्टन, लंडन व केंब्रिज येथील चार उदाहरणांपुरता विचार मर्यादित ठेवला आहे.

गिसेन : साहाय्यक, साधन व तक्ता

युस्टुस फॉन लीबिग यांची १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, जर्मनीतील गिसेन या लहानशा गावातील विद्यापीठात नियुक्ती झाली. त्यांची प्रयोगशाळा वापरात नसलेल्या लष्करी बराकीच्या पहारेकऱ्यांच्या इमारतीत सुरू झाली. औषधनिर्मिती व रसायन शिकविणारी संस्था विद्यापीठाच्या अंतर्गत काढण्याची कल्पना प्रारंभी विद्यापीठाने मान्य केली नाही. विद्यापीठाचे काम शासकीय अधिकारी घडविण्याचे आहे, औषधविक्रेते घडविण्याचे नव्हे, अशी तेव्हाची भूमिका होती. त्यामुळे ही संस्था सुरुवातीस खाजगी स्वरूपातच चालवावी लागली. म्हणजेच, प्रयोगशालेय अध्यापनाचा पहिला भार शिक्षकाने स्वतःच्या खांद्यावर घेतला.

विद्यार्थी थोडे असताना हे शक्य होते. पुढे कीर्ती पसरली, परदेशांतूनही विद्यार्थी येऊ लागले आणि १८३९ मध्ये प्रयोगशाळेचा मोठा विस्तार करण्यात आला. या वाढत्या संख्येला तोंड देताना गिसेनमध्ये तीन उपाय आकाराला आले.

पहिला उपाय श्रमविभागणीचा. नवशिक्या विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष शिक्षण अनुभवी साहाय्यकांकडे सोपविण्यात आले. १८४० च्या दशकात हाइनरिश विल यांच्या देखरेखीखाली नवशिक्यांसाठी स्वतंत्र शाखा-प्रयोगशाळाही चालू झाली. प्रगत विद्यार्थी मात्र लीबिग यांच्या थेट सहवासात राहत. आदल्या दिवशी काय केले आणि आज काय करणार, हे प्रत्येकाने रोज सकाळी सांगावयाचे, त्यावर लीबिग आपले मत देत आणि मग ज्याने त्याने आपल्या मार्गाने जावयाचे, असा परिपाठ त्यांनी आपल्या आत्मकथनात नोंदविला आहे. शिक्षकाचा वेळ जिथे सर्वाधिक उपयोगी पडेल तिथेच तो खर्च करावा, हे यामागील तत्त्व होते.

दुसरा उपाय साधनाचा. सेंद्रिय पदार्थातील कार्बनचे प्रमाण काढणे हे त्या काळी अत्यंत कुशल हातांचे व वेळखाऊ काम होते. लीबिग यांनी १८३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच फुग्यांच्या काचेच्या उपकरणात पदार्थाच्या ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई आणि उपकरणाच्या वजनातील वाढीवरून कार्बनचे प्रमाण काढता येई. वायूचे आकारमान मोजण्याच्या कटकटीतून विद्यार्थी सुटला. या उपकरणाची ख्याती संशोधनसाधन म्हणून आहे. परंतु ते तितकेच महत्त्वाचे अध्यापनसाधनही होते, कारण सामान्य कौशल्याच्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे विश्वसनीय उत्तर मिळू लागले आणि शिक्षकाला प्रत्येकाच्या शेजारी उभे राहण्याची गरज उरली नाही.

तिसरा उपाय तक्त्याचा. लीबिग यांचे साहाय्यक म्हणून काही काळ काम केलेले रेमिगियस फ्रेसेनियस यांचे गुणात्मक विश्लेषणावरील पुस्तक १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. अज्ञात क्षारातील मूलके क्रमाक्रमाने, गटागटाने वेगळी करण्याची पद्धत त्यात ठराविक पायऱ्यांत मांडलेली होती. पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. भारतातील महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले क्षारांचे गटवार विश्लेषण याच परंपरेतील आहे. विद्यार्थ्याने 'आता पुढे काय करू?' असे विचारावयाचे ते आता शिक्षकाला नव्हे, तर पुस्तकाला.

असे असूनही भार संपला नाही. १८५२ मध्ये लीबिग म्युनिक येथे गेले, तेव्हा प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक शिकविण्याच्या जबाबदारीतून त्यांनी मुक्तता मिळविली. ज्यांच्या नावाने प्रयोगशालेय अध्यापनाची परंपरा ओळखली जाते, त्यांनीच सुमारे अठ्ठावीस वर्षांनंतर ते काम सोडावे, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

बोस्टन : टेबल, सूचनापत्र व फलक

रसायनशास्त्रात एकच प्रयोग सर्वांना एकाच वेळी देता येतो, कारण परीक्षानळ्या स्वस्त असतात. पदार्थविज्ञानात ही सोय नव्हती. सूक्ष्ममापनाची उपकरणे महाग असल्याने प्रत्येकाचा एकच संच विकत घेणे परवडे. त्यामुळे वर्गातील विद्यार्थी एकाच वेळी निरनिराळे प्रयोग करीत असतील, तर एका शिक्षकाने सर्वांकडे कसे पाहावे, हा प्रश्न निर्माण झाला.

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एडवर्ड पिकरिंग यांनी १८६९ पासून याचे उत्तर शोधले. प्रत्येक प्रयोगाला एक टेबल नेमून दिले. त्या प्रयोगाचे साहित्य कायम त्याच टेबलावर राहील आणि शेजारी लेखी सूचना ठेवलेल्या असतील, अशी व्यवस्था केली. भिंतीवर एक फलक टांगला. त्यावर एका बाजूस प्रयोगांच्या नावांच्या चिठ्ठ्या व त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या असत. प्रयोग संपला की विद्यार्थ्याने निकाल दाखवावयाचा आणि शिक्षकाने त्याच्या नावाची चिठ्ठी रिकाम्या झालेल्या दुसऱ्या प्रयोगासमोर लावावयाची. या पद्धतीने सुमारे वीस विद्यार्थ्यांच्या वर्गावर एका शिक्षकाला सहज देखरेख करता येते, असा पिकरिंग यांचा अनुभव होता. त्यांचे या विषयावरील पाठ्यपुस्तक १८७३ व १८७६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले.

आजच्या कोणत्याही महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डोकावले, तरी याच व्यवस्थेची वंशावळ दिसते. ठराविक जागी मांडलेली उपकरणे, पाळीपाळीने फिरणारे विद्यार्थी, सूचनापत्र आणि सुमारे वीस विद्यार्थ्यांची तुकडी, हे सारे तेथे ओळखीचेच आहे. मात्र या व्यवस्थेची एक किंमत होती. चिठ्ठी कोठे रिकामी आहे यावरून प्रयोगाचा क्रम ठरू लागला. एखाद्याला प्रकाशाचा प्रयोग व्याख्यानाच्या आधी दोन महिने करावा लागे, तर दुसऱ्याला नंतर दोन महिन्यांनी. व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांच्यात पडलेले हे अंतर नंतरच्या दीडशे वर्षांत पूर्णपणे भरून निघालेले नाही. विषयाच्या तर्काऐवजी टेबलाच्या उपलब्धतेला महत्त्व आले. हा दोष पिकरिंग यांच्या हेतूचा नव्हे, तर अपुऱ्या साधनसामग्रीशी केलेल्या तडजोडीचा होता.

लंडन : निवडक प्राण्यांची पद्धत

जीवशास्त्रात प्रश्न आणखी वेगळा होता. सजीवांचे वैविध्य अफाट आणि अभ्यासक्रमाचे आठवडे मोजके. थॉमस हक्सली यांनी १८७१ च्या उन्हाळ्यात लंडन येथे शाळाशिक्षकांसाठी प्रात्यक्षिक जीवशास्त्राचा वर्ग घेतला. मायकेल फॉस्टर, विल्यम रदरफर्ड आणि रे लँकेस्टर यांनी त्यात निर्देशकांचे काम केले. सकाळी व्याख्यान आणि लगेच त्याच सजीवाचे प्रत्यक्ष निरीक्षण व विच्छेदन, असा क्रम ठेवण्यात आला. सर्व सजीवांचा धावता परिचय करून देण्याऐवजी थोडे प्रातिनिधिक सजीव निवडून त्यांचा सखोल अभ्यास करावयाचा, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. हेन्री मार्टिन यांच्या साहाय्याने १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात यीस्ट, अमीबा, हायड्रा, नेचे, घेवड्याचे झाड, गोड्या पाण्यातील शिंपला आणि बेडूक अशी निवड आढळते.

पिकरिंग यांनी विद्यार्थ्यांची ये-जा नियंत्रित केली, तर हक्सली यांनी आशयच आटोपशीर केला. व्याख्यान व प्रात्यक्षिक यांची सांगड त्यामुळे टिकून राहिली. परंतु चार अनुभवी माणसांनी एकत्र राबून चालविलेला हा वर्ग होता, हे विसरता येत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस अतिश्रमाने हक्सली यांची प्रकृती ढासळली आणि विश्रांतीसाठी त्यांना इजिप्तला जावे लागले. त्यांच्यावर अनेक आयोगांची व संस्थांची कामे होती, त्यामुळे याचे कारण केवळ हा वर्ग होता असे म्हणता येणार नाही. तथापि, उत्तम प्रात्यक्षिक हे माणसांच्या श्रमावर उभे असते, हे यातून ध्यानात येते.

निवडक प्राण्यांची ही पद्धत पुढे साऱ्या इंग्रजी परंपरेत पसरली आणि भारतातही रुजली. हक्सली यांच्या दृष्टीने बेडूक हे तुलनेचे साधन होते. कालांतराने बेडकाचे विच्छेदन हेच साध्य बनले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले, तेव्हा या परंपरेचा एक मोठा भाग संपुष्टात आला. त्याची जागा काय घेणार, हा प्रश्न केवळ प्रतिकृती व संगणकीय चित्रे पुरविल्याने सुटणारा नाही.

केंब्रिज : निर्देशक, पाठ्यपुस्तक व शुल्क

केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ मध्ये सुरू झाली. पहिले प्राध्यापक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या काळात तेथे येणारे विद्यार्थी मोजके होते आणि पदवी अभ्यासक्रमाचे पद्धतशीर वर्ग फारसे नव्हते. १८७९ मध्ये मॅक्सवेल यांच्या निधनानंतर लॉर्ड रॅली यांनी पदभार स्वीकारला आणि अध्यापनाची घडी बसविली. रिचर्ड ग्लेझब्रुक व नेपियर शॉ या दोन निर्देशकांवर प्रात्यक्षिकांचे वर्ग सोपविण्यात आले. उपकरणांसाठी निधी उभारला गेला आणि त्यात रॅली यांनी स्वतःही भर घातली. १८८२ पासून हे वर्ग स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने खुले झाले.

निर्देशकांनी प्रत्येक प्रयोगासाठी हस्तलिखित सूचना तयार केल्या. त्याच सूचनांचा विस्तार होऊन १८८५ मध्ये ग्लेझब्रुक व शॉ यांचे प्रात्यक्षिक पदार्थविज्ञानावरील सुपरिचित पाठ्यपुस्तक साकार झाले. तेच तेच दिवसातून अनेकदा सांगण्याचा कंटाळा हा या ग्रंथाचा एक जनक होता, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

१८८४ मध्ये जे. जे. थॉमसन प्राध्यापक झाले. त्यांच्या काळात विद्यार्थ्यांची, विशेषतः वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची, संख्या वाढली व जागा अपुरी पडू लागली. १८९६ मध्ये इमारतीचा विस्तार झाला, त्यासाठी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून साठविलेली रक्कम उपयोगी पडली. १९०८ च्या दुसऱ्या विस्ताराला रॅली यांनी आपल्या १९०४ च्या नोबेल पारितोषिकातील ५,००० पौंडांची देणगी दिली. या काळातील कॅव्हेंडिशचे नाव इलेक्ट्रॉनच्या शोधाशी जोडलेले आहे. परंतु ज्या इमारतीत हे संशोधन बहरले, तिच्या खर्चाचा काही वाटा तळमजल्यावर लोलक मोजणाऱ्या सामान्य विद्यार्थ्यांनी उचलला होता. आणि त्या विद्यार्थ्यांना शिकविणारे जॉर्ज सर्ल यांच्यासारखे निर्देशक १९३५ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, तेच वर्ग चिकाटीने घेत राहिले. संशोधनाची कीर्ती व अध्यापनाचा भार यांची वाटणी समान नव्हती.

भारतीय संदर्भ :

ही व्यवस्था भारतात आली ती तयार स्वरूपात. प्रफुल्लचंद्र राय एडिंबरा येथून डी.एस्सी. घेऊन परतल्यावर १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रुजू झाले. तेथील जुन्या रसायन प्रयोगशाळेत धूर व वायू बाहेर जाण्याची पुरेशी सोय नव्हती. १८९४ मध्ये नवी प्रयोगशाळा वापरात आली. मुंबईत १९२० मध्ये रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स सुरू झाल्यावर पश्चिम भारतातही उच्च विज्ञानशिक्षणास स्वतंत्र केंद्र लाभले. तुकड्या, तक्ते, फिरते प्रयोग, जर्नल आणि तोंडी परीक्षा हे सारे अंग रुजले. मात्र ज्या साहाय्यकांच्या व निर्देशकांच्या बळावर ही पद्धत युरोपात चालली, त्या मनुष्यबळाची तरतूद त्याच प्रमाणात झाली असे म्हणता येत नाही. अनेक महाविद्यालयांत प्राध्यापक, निर्देशक आणि कधी कधी परिचर या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीला पार पाडाव्या लागतात.

श्रेयांक पद्धतीने या प्रश्नाला नवे गणिती रूप दिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आठवड्यातील एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक यांस एक श्रेयांक मानला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या पदवी अभ्यासक्रम आराखड्यातही पंधरा आठवड्यांच्या सत्रात प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास तीस तास असेच प्रमाण आहे. हे सूत्र विद्यार्थ्याने दिलेल्या वेळेचे मोजमाप आहे. अडचण तेव्हा उद्भवते, जेव्हा प्रात्यक्षिकाचा तास हा व्याख्यानाच्या अर्ध्या तासाइतकाच, अशी समजूत शिक्षकाच्या श्रमालाही लागू केली जाते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग आहे. त्यांना व्याख्यान एकदाच द्यावे लागते. प्रात्यक्षिकासाठी मात्र वीसच्या तीन तुकड्या पडतात आणि तेच काम तीनदा करावे लागते. सत्रात दहा प्रयोग असतील, तर जर्नलमध्ये सहाशे नोंदी होतात. प्रत्येक नोंद पाच मिनिटांत तपासावयाची म्हटली, तरी पन्नास तास लागतात. हे पन्नास तास कोणत्याही वेळापत्रकात नसतात. म्हणून तपासणीची जागा स्वाक्षरी घेते, आणि स्वाक्षरीपुरतेच लिहावयाचे असल्याने विद्यार्थी मागील वर्षीच्या जर्नलातून आकडे उतरवितात. यास केवळ नीतिमत्तेचा ऱ्हास म्हणणे अपुरे आहे. न मोजलेल्या श्रमाचा तो हिशेब आहे.

निष्कर्ष :

१) प्रयोगशालेय अध्यापनाचा कार्यभार हा आधुनिक काळातील तक्रारीचा विषय नसून तो या अध्यापनपद्धतीच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे.

२) भार हलका करण्याच्या प्रत्येक युक्तीने तो नाहीसा केला नाही, तर दुसरीकडे सरकविला. गिसेनमध्ये तो साहाय्यकांकडे व तक्त्यांकडे गेला, बोस्टनमध्ये सूचनापत्रांकडे आणि केंब्रिजमध्ये निर्देशकांच्या संपूर्ण कारकिर्दीवर.

३) लेखी सूचनांमुळे शिक्षकाचा वेळ वाचला. गिसेनमध्ये तो वाचलेला वेळ प्रगत विद्यार्थ्याच्या रोजच्या संवादासाठी वापरला गेला. सूचनापत्र ठेवले आणि संवाद मात्र गेला, तर प्रात्यक्षिक केवळ उपचार ठरते.

४) हक्सली यांचे उदाहरण असे सुचविते की, प्रयोगांची संख्या कमी करून त्यांची खोली वाढविणे हा आशयाच्या दृष्टीने सर्वांत कमी हानिकारक मार्ग आहे. दहा प्रयोग उतरवून घेण्यापेक्षा सहा प्रयोग चर्चेसह होणे अधिक फलदायी ठरेल.

५) पूर्वतयारी व तपासणी यांचे तास कार्यभाराच्या हिशेबात स्वतंत्रपणे धरले जाणे आणि प्रयोगशाळा सहायक व परिचर यांची पदे वेळेवर भरली जाणे, या दोन गोष्टींशिवाय अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेचा अपेक्षित परिणाम दिसणार नाही.

गिसेनच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी विचारला जाणारा प्रश्न साधा होता: काल काय केले आणि आज काय करणार? हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला विचारण्याइतकी उसंत शिक्षकाला मिळते किंवा नाही, यावरच कोणत्याही प्रयोगशालेय अभ्यासक्रमाच्या नियोजनाचे यशापयश अवलंबून आहे.